दहा पिशव्या, तीन-तीन किलो

"तराजू लागते थो ज्याच्या हातात अक्कल नाई त्याले," असं म्हणून केसरबाईनं मलकापूरच्या शेटजीच्या दुकानात, भर गर्दीत, खारोड्यांची पिशवी तळहातावर झेलली. "तीन किलो. कमी भरली तं माहं नाव बदलून टाका."

शेटजीनं पिशवी काट्यावर ठेवली. दोन किलो आठशे भरली.

आता यात दोष हाताचा नव्हता. बाजरीच्या भरड्यात मिरची-लसूण घालून शिजवायचं, खाटेवर थापायचं, वाळवायचं आणि शेरानं विकायचं, हे ती वीस वर्षं करत होती. तिच्या हातानं तीन शेर म्हटले की तीनच शेर. पण त्या साली सरकारनं शेर मोडीत काढून किलो आणला, आणि हा किलो शेरापेक्षा पावणेसहा तोळे जड निघाला. सरकारनं ते गावोगाव दवंडी पिटून कळवलं; केसरबाईच्या हाताला कळवायचं तेवढं राहिलं.

"काय नाव ठेवू मंग?" शेटजीनं विचारलं.

"हलकीबाई ठेवा ना," मागून सोजराबाई म्हणाली. ही केसरबाईची जाऊ. खारोड्या तीही करायची, आणि शेटजीच्या दुकानात नेमकी केसरबाईच्या मागं उभी असायची.

शेटजी म्हणाले, "पाहा केसरबाई, माल मले नागपूरले धाडाचा हाये. तीन किलोच्या धा पिशव्या आना महिनाभरानं. एक बी कमी भरली तं धाच्या धा वापस, अन् काम सोजराबाईले."

केसरबाई गावी आली ती खरा काटा शोधतच. किराणा दुकानदार किसनरावाकडं वजनांचे दोन जोड होते, एक माल घ्यायचा, एक माल द्यायचा. घ्यायच्या वजनांनी पिशवी अडीच किलो भरली, द्यायच्या वजनांनी सव्वातीन.

"यातला खरा जोड कोनता, भाऊ?"

"दोन्ही खरे," किसनराव म्हणाला. "मी कोनाशी खोटं बोललो का आजवर?"

मग ती कापसाच्या जिनिंगवर गेली. तिथल्या काट्यावर भरल्या गाड्या मोजत. पिशवी ठेवली, काटा ढिम्म. तिचा नवरा पुंजाजी पिशवी घेऊन वर चढला, तरी ढिम्म.

"घरात बी तुमचं असंच हाये," केसरबाई म्हणाली. "उतरा खाली."

शेवटी काटा सापडला तो सरकारी दवाखान्यात. लेकरं तोलायचा, पाळण्यासारख्या ताटाचा, कोरा करकरीत. दोन वर्षं झाली येऊन, पण त्यावर एक लेकरू चढलं नव्हतं. तोललेल्या लेकराला दृष्ट लागते आणि ते वाळत जातं, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. शालूबाई नर्स त्यावर आपली पर्स ठेवायची.

"बाई, हा काटा खरा हाये का?"

"वापरलाच नाही तर बिघडेल कसा?" शालूबाई म्हणाली. मग केसरबाईच्या डोक्यावरच्या पिशव्यांकडं तिनं जरा टक लावून पाहिलं. "किती आहेत?"

"धा."

"मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय, दहा तरी लेकरं तोला, नाहीतर बदली. तू पिशव्या तोल. मी रजिस्टरात लेकरं लिहिते. नावं सांग."

केसरबाईनं नावं सांगितली. वामन, तानू, कोकिळा, चांगुणा. ज्या पिशवीत मिरची कमी पडली होती तिचं नाव सोजरा. कमी पडलं तिथं मूठभर घालत दहाही लेकरं बरोब्बर तीन किलो भरली. केसरबाईनं काट्याला हात जोडले.

आठ दिवसांनी तिनं खातरजमा करायला पुन्हा पिशव्या आणल्या. वैशाखाचं ऊन, खारोड्या अजून वाळल्या होत्या. दहाच्या दहा शंभर-शंभर ग्रॅम उतरल्या.

"बाई, वजन कमी नोका लिहू."

"काट्यानं दाखवलं तेच लिहिणार," शालूबाई म्हणाली. "खोटं मला जमत नाही."

केसरबाईनं प्रत्येक पिशवीत मूठ-मूठ खारोड्या वाढवल्या, पिशव्या शिवून टाकल्या, आणि नेमक्या मलकापूरला जायच्या दिवशी शेवटचं तोलायला दवाखान्यात आणून बाकावर ओळीनं मांडल्या. बारा वाजता गाडी होती. साडेदहाला दारात जीप थांबली. आठवड्यात दहा लेकरं एकदम सारखीच खंगली, हे शालूबाईच्या अहवालात वाचून मोठे डॉक्टर स्वतः आले होते, सोबत दुधाच्या पावडरीचे डबे घेऊन.

"कुठंयत ती लेकरं?"

शालूबाईनं बाकाकडं पाहिलं. केसरबाईनं शालूबाईकडं पाहिलं. "शेतात गेले," केसरबाई म्हणाली.

"तीन किलोची?"

पुढचं बोलायची वेळच आली नाही. डबे फुकट आहेत हे गावात पोचलं होतं आणि दृष्ट लागायची भीती एका घटकेत पार पळाली होती. चौतीस बाया चौतीस लेकरं काखोटीला मारून दवाखान्यात घुसल्या.

डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. "वामन कोण?"

"हा माहा वामन!"

"तुहा काऊन वं? माहा वामन! साहेब, पाहा कसा वाळला!"

"थो? थो तं बैल दिसते!"

तिसरा वामन निघाला तो मुलगी होता. सोजरा व्हायला मात्र एकही लेकरू तयार होईना.

शेवटी डॉक्टरांनी पहिली दहा लेकरं धरली आणि तपासणीसाठी झोपवायला जागा शोधली. बाकावर एका मापाच्या दहा पिशव्या होत्या. "वा, गाद्यांची सोय चांगली केलीय," असं शालूबाईला म्हणून त्यांनी एकेका पिशवीवर एकेक लेकरू आडवं केलं. केसरबाई तोंडात पदर कोंबून उभी राहिली. ओरडावं तर रजिस्टर उघडं पडणार. न ओरडावं तर खाली तिचा महिना निजलेला.

डबे वाटून डॉक्टर गेले तेव्हा पावणेबारा झाले होते. केसरबाईनं पिशव्या उचलून भराभर काट्यावर टाकल्या. नऊ तीन किलो. दहावी तीन किलो साठ ग्रॅम, आणि खालून ओली.

"सोजरा," शालूबाई म्हणाली.

रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. पिशवी उसवायला वेळ नव्हता. पुंजाजीनं ती गाडीच्या टपावर उन्हात ठेवली, मलकापूर येईपर्यंत कापड कोरडं झालं.

शेटजीनं दहाही पिशव्या तोलल्या. कमी एकही भरली नाही. जी जास्त भरली ती त्यांनी हातात घेतली आणि कौतुकानं मान हलवली.

"चाळीस ग्रॅम जादा! असं इमान आजकाल कुटी दिसते, केसरबाई?"

"ठेवा ना थे बाजूले," केसरबाई घाईनं म्हणाली. "दुसरी पाहा."

शेटजीनं तीच उसवली. एक खारोडी कच्चीच तोंडात टाकली, डोळे मिटून चघळली. मग दुसऱ्या पिशवीतली खाल्ली आणि तोंड वाकडं केलं.

"त्या जरा अळणी हायेत. मीठ याच पिशवीत बराबर पडलं."

त्यांनी पुढच्या महिन्यासाठी वीस पिशव्या सांगितल्या, सगळ्या याच चवीच्या.