नाव सांगायची गोष्ट

१९७५ साल होतं. रेल्वेचा संप मोडून वर्ष उलटलं होतं. संपात उतरलेल्यांना सोलापूरच्या लोको शेडनं परत घेतलं होतं खरं, पण साहेबलोक त्यांच्याकडं बघायचे ते डोळे बारीक करूनच. अशा दिवसांत, एका सकाळी, रेल्वे क्वार्टरमधल्या चुलीपुढं दाक्षायणी आपल्या थोरल्या बहिणीची उजळणी घेत होती.

"नाव काय तुमचं?"

"दाक्षायणी," हेमावती म्हणाली.

"आणि मालकाचं?"

"कुणाच्या? माझ्या का तुझ्या?"

"अक्का, थट्टा नको गं. ह्यांचं." दाक्षायणीनं खुंटीवरच्या खाकी कोटाकडं बोट केलं.

"तूच म्हण की आधी."

"मी कशी म्हणू? कायतरीच तुझं."

दाक्षायणीच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण नवऱ्याचं नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं, तर ती शेजारणीला पुढं करायची.

"चन्नप्पा," हेमावती हसत म्हणाली. "झालं?"

"असं चाचरत न्हाय. गाडीत तिकिटं तपासणाऱ्या टीशीनं विचारल्या विचारल्या धडधडीत सांगायचं. अडलीस की त्याला संशय आलाच म्हणून समज."

"चन्नप्पा, चन्नप्पा, चन्नप्पा," हेमावतीनं जप केला, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

हसण्यासारखं तसं काही नव्हतं. हेमावतीचा नवरा मद्रासच्या एका गिरणीत होता. तो तिथल्या दवाखान्यात पडलाय, छातीच्या दुखण्यानं धरलंय, असा निरोप आला होता. शेंगा फोडून पोट भरणाऱ्या बाईला मद्रासचं तिकीट कुठून परवडणार? आणि ह्याच अक्कानं, आई गेल्यावर, शेंगा फोडून फोडून अंगठ्याची नखं झिजवत दाक्षायणीला वाढवलं होतं. रेल्वेतल्या माणसाशी तिचं लग्न लावून दिलं होतं.

दाक्षायणीनं आधी नवऱ्याला सरळच विचारलं होतं. "आपल्या पासावर अक्काला धाडू की. पासावर काय फोटू असतोय व्हय?"

चन्नप्पा जेवत होता. त्यानं हातातला घास खाली ठेवला. "अगं, संपात माझं नाव लागलंय. एवढं एक सापडलं की घरी बसवतील मला. क्वार्टरपण जाईल. ते सोडून दुसरं काय बी सांग."

मग तिनं दुसरं सांगितलं. म्हणाली, अक्का घर सोडून जाऊ शकत नाही, मीच जाऊन भावजींना बघून येते. चन्नप्पाला ते पटलं. बायकोच्या नावानं पास काढणं तर हक्काचं होतं. त्यानं पास आणला, आणि वाटेत खायला म्हणून केळीही आणली. "पाणी स्टेशनावरचं पिऊ नको, तांब्या ने बरोबर," असं बजावून तो कामावर गेला.

त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं हेमावती गेली. दाक्षायणीचं लुगडं नेसून, दाक्षायणीचा तांब्या घेऊन.

संध्याकाळी चन्नप्पा घरी आला तर भाकरी थापल्याचा आवाज. तो दारातच थांबला.

"तू गेली न्हाईस?"

दाक्षायणीनं मान वर केली नाही. "अक्का गेली."

बूट काढायला वाकलेला माणूस तसाच उंबऱ्यावर बसला. ती वाट बघत होती, आता ओरडेल, ताट भिरकावेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. बुटाची नाडी सोडत तो एवढंच म्हणाला, "केळी घेऊन गेल्या न्हवं?"

हेमावती दुसऱ्याच दिवशी परत आली. तिला रायचूरला उतरवलं होतं. चेहरा पार उतरलेला. पाणी पिऊन ती भिंतीला टेकली आणि सांगू लागली.

"चांगला होता गं तो टीशी. पोक्त माणूस. नाव इचारलं, सांगितलं. मालकाचं नाव इचारलं. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत म्या सांगितलं, चन्नप्पा. तर त्यो हसला. म्हणला, बाई, परत एकदा म्हणा. म्या परत म्हणलं की, मोठ्यानं. समोरच्या बायका तोंडाला पदर लावून बघायला लागल्या."

"मग?"

"मग म्हणला, माझी बायको इतकी वर्सं संसार करतीया, मेली तरी माझं नाव घ्यायची न्हाय. तुमी कुणाची बायको हाय ते खरं सांगा."

जी गोष्ट दाक्षायणीला स्वतःला जन्मात जमली नव्हती, ती तिनं अक्काकडून घोकून घेतली होती.

त्याच आठवड्यात मद्रासहून तार आली. हेमावतीनं बांगड्या फोडल्या त्या बहिणीच्याच दारात. "त्याचं तोंड बघायचं न्हवतं माझ्या नशिबात," एवढंच म्हणाली. दाक्षायणीला तिनं बोल लावला नाही.

पुढं चौकशी लागली. साहेबानं नवराबायको दोघांना बोलावलं. दाक्षायणीनं रात्रभर मनाशी पक्कं केलं होतं. सांगायचं, साहेब, ह्यांना ठाऊक नव्हतं, मी फसवून पास काढायला लावला. पण ती तोंड उघडायच्या आधीच चन्नप्पा बोलला.

"मीच दिला, साहेब. बाईमाणूस, तिला त्यातलं काय कळतंय?"

साहेबानं तिच्याकडं पाहिलं. "काय बाई? नवऱ्यानंच दिला?"

चन्नप्पा खिडकीबाहेर बघत होता. दाक्षायणीला वाटलं, खरं बोलावं तर ह्यांना खोटं पाडल्यासारखं होईल. हेही वाटलं, की आपण वाचतोय. या दोहोंतलं कुठलं आधी वाटलं, ते तिला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. तिनं मान हलवली. होय म्हणून.

नोकरी वाचली. पगारवाढ थांबली, पास कित्येक वर्षं बंद झाले, आणि बरोबरीचे फिटर पुढं मिस्त्री झाले तरी चन्नप्पा होता तिथंच राहिला. त्या दिवशी साहेबाच्या खोलीतून बाहेर येताना तो म्हणाला, "चल, शेंगाची चटणी घेऊ. घरातली संपलीय."

त्या दिवसाविषयी तो जन्मात पुन्हा बोलला नाही. तीही बोलली नाही. बोलायचं म्हणून कितीदा तरी त्याच्या ताटापुढं बसली आणि भाकरी वाढून उठली.

हेमावती शेंगाच फोडत राहिली. म्हातारपणी नजर गेली तरी बोटांना शेंगा दिसत. बहिणीकडं ती आयुष्यभर आली-गेली, पण रेल्वेत मात्र पुन्हा बसली नाही. अक्कलकोटला जायचं झालं तरी एसटीनंच जाई. तो टीशी पुढं कुठं बदलून गेला, कुणास ठाऊक. चन्नप्पा फिटर म्हणूनच निवृत्त झाला, आणि एका उन्हाळ्यात, दुपारी झोपला तो उठलाच नाही.

वर्षश्राद्धानंतर विधवांच्या पासासाठी दाक्षायणी रेल्वेच्या कचेरीत गेली. कुठं जायचं म्हणून नव्हे, सगळ्या जातात म्हणून. शेजारीण बरोबर होती. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "पतीचं नाव?"

शेजारीण सवयीनं पुढं सरकली. दाक्षायणीनं तिला हातानं मागं सारलं.

"चन्नप्पा," ती म्हणाली. विचारल्या विचारल्या, न चाचरता.

कारकुनानं मान वरही न करता लिहून घेतलं.