कोपऱ्यावरचं पाणी

"गटार गेलं कुठं?" ऑस्रिकनं ड्रॅगनच्या सोंगाच्या जबड्याआडून विचारलं.

त्याच्या कमरेची साखळी धरून मागं उभ्या असलेल्या लिंडननं वाकून पाहिलं. कोपऱ्यावरच्या गटारावर काँक्रीटच्या नव्याकोऱ्या लाद्या बसल्या होत्या. "झाकलं वाटतं. बरंच झालं, तुझा गुडघा वाचला. चल पुढं."

"पुढं कसा जाऊ?"

लिंडनला उत्तर ठाऊक होतं. ड्रॅगन नरकातून येतो आणि पाण्याला भितो. कार्निव्हलच्या मंगळवारी त्यानं पाण्यापाशी यावं, बिचकावं, मागं सरावं, नाचत नाचत धीर गोळा करावा आणि एका उडीत पलीकडं जावं. पाण्यात पाय पडता कामा नये, वळसा तर मुळीच नाही. ऑस्रिकच्या आज्यानं हे केलं, बापानं केलं. ऑस्रिक स्वतः वर्षभर पाणीखात्याचे मीटर वाचायचा, लोकांची कुत्री अंगावर घ्यायचा, साहेबापुढं ब्र काढायचा नाही. पण या कोपऱ्यावर एक्केचाळीस वर्षं अख्खी गल्ली त्याला भ्यायची. तेव्हा साखळ्या ओढायला भुतांच्या सोंगातले वीस गडी असत. आता एकटा लिंडन उरला होता. आणि पुढच्या वर्षी उडी सोडाच, हा गुडघा जिनाही चढणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मिस इग्नेशिया," ऑस्रिकनं समोरच्या ओसरीवरच्या बाईला हाक दिली, "रस्त्यावर बादलीभर पाणी ओता हो."

"डोकं फिरलंय का तुझं? नळ कालपासून कोरडा, आणि मागतोय कोण, तर पाणीखात्यातला!" तरी तिनं बादली आणलीच. "भात शिजवायला ठेवलेलं पाणी होतं हे. एवढंच आहे घरात."

भर दुपारच्या डांबरावर पाणी पसरलं. ड्रॅगन बिचकला, मागं सरला, पुन्हा पुढं आला. पत्र्याचे खवले खळखळले. पाणी कडेकडेनं आटत चाललं होतं. ऑस्रिकनं अंग झोकलं. गुडघा जागचा हलला नाही. "उचल की मेल्या," तो आपल्याच पायाला म्हणाला. पुन्हा झोकलं. तेवढ्यात मिरवणुकीतला गाण्यांचा ट्रक धडधडत आला आणि उरलंसुरलं पाणी चाकांना लावून घेऊन गेला. रस्ता कोरडा झाला.

"ओलांडलंस," लिंडन म्हणाला. "मी पाहिलं ना."

"पन्नास वर्षांची दोस्ती आहे. आज खोटं बोलू नकोस."

"थांब रे, शेजारून आणते," मिस इग्नेशिया म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता.

"नको. पाणी होतं तेव्हा पाय उचलला नाही." जबड्याआड तो रडत होता. पाणी न ओलांडलेला ड्रॅगन कार्निव्हलच्या मैदानावर जात नाही. त्यानं पाठ फिरवली. लिंडननं साखळी सोडून त्याचा दंड धरला.

गर्दी समोरून येत होती. पिसांचा मुकुट घातलेली एक मुलगी नाचता नाचता थांबली. "काका, चुकलात तुम्ही. मैदान तिकडं आहे."

"ठाऊक आहे गं पोरी," ऑस्रिक म्हणाला, आणि घराकडं चालू लागला.