हलणारे कल्ले

सूनबाईचं हे रोजचंच झालं होतं. बंदरावरच्या टेबलाशी बाकीच्या बायका जिवंतच मासे निवडून भराभर बर्फात टाकायच्या, आणि ही मात्र प्रत्येकाच्या डोक्यात दांडक्याचा एक टोला घालून, तो शांत झाल्यावरच पेटीत ठेवायची. सासूबाई तीस वर्षं त्या टेबलाच्या मुकादम. घरच्याच माणसाने चारचौघींत त्यांचं नाक कापलं होतं.

आज व्यापाऱ्याने सूनबाईच्या पेटीतले मासे उचलून पाहिले. कल्ले हलले तरच माल ताजा, असा त्याचा हिशोब. "हे मेलेत. दुसऱ्या प्रतीत टाका," तो म्हणाला, "आणि पुन्हा असं झालं तर हिला घरी बसवा."

"ऐकलंस ना, महाराणी?" सासूबाई कडाडल्या. "मासे काय तुझे आभार मानायला घरी येणार आहेत?"

"आई, शेजारच्या पेटीत एकदा हात घालून बघा ना."

त्यांनी रागारागाने हात खुपसला. पेटी भरून तास झाला होता, तरी तळाशी बर्फाखाली काहीतरी त्यांच्या बोटांना धडका देत होतं. मासे बर्फात जिवंतच असतात, हे त्यांना नवीन नव्हतं. फक्त इतकी वर्षं त्यांनी हात तळापर्यंत नेला नव्हता. समोर तशा चाळीस पेट्या होत्या, आणि होडीतून आणखी मासे उतरतच होते.

त्या कितीतरी वेळ एप्रनला हात पुसत राहिल्या.

"उद्यापासून तू पेट्या धुवायला जा," शेवटी त्या सुनेला म्हणाल्या. "इथे मी उभी राहते. तुला हे बघवत नाही, आणि मला थांबवता येत नाही."