उघाडीच्या पाण्यात उतरलेली पेटी

मी एक पेटी आहे. कॅमेरा पाण्यात न्यायचा तर त्याला ज्या जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या कवचात बसवतात, ती मी. दुकानदार मला वॉटरप्रूफ केस म्हणतात. ऐकायचं असेल तर ऐका, पण मी सांगते ते लगेच खरं मानू नका. मी स्वतः कुणाचंच मानत नाही. आत येऊ बघणाऱ्या प्रत्येक थेंबावर संशय घेणं हेच माझं काम, त्यामुळे स्वभावही तसाच झाला.

माझा जन्म परदेशातल्या एका स्वस्त कारखान्यात झाला. तिथे माझ्या पाठीवर 'चाळीस मीटर' असं छापलं. मला चाळीस मीटर सोडा, साध्या लोट्यातही कुणी बुडवलं नव्हतं. छापणारा मात्र खुशाल शीळ वाजवत होता.

पुढे मी रोह्याला हैबतरावांच्या कॅमेरे दुरुस्तीच्या दुकानात आले. कुंडलिका नदीवर बोटीतून फिरायला येणारे पर्यटक मला घेतील असा त्यांचा होरा होता. पर्यटक यायचे, हाताळायचे, 'लोकल माल दिसतोय' म्हणून ठेवून द्यायचे. मला जो कॅमेरा बसतो, त्याचं मॉडेलही बंद पडलं. मी कपाटात धूळ खात राहिले.

मग एके दिवशी पाण्याखाली फोटो काढायला काही मिळतं का बघायला सरू आली. ही पेणला एका फोटो स्टुडिओत कामाला. मालकांनी दिलेला जुना छोटा कॅमेरा तिच्याकडे होता आणि नेमका तो मला बसणारा होता. हैबतरावांनी आधी तिच्यासमोर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली, वरून गुंडाळून बंद करायची. सरूने ती भिंगासमोर धरली.

"ह्याला सुरकुती पडते. फोटोत काय दिसणार, सुरकुती?"

मग माझी पाळी. तिने माझं एकेक बटण नखाने दाबलं, कडीची उघडझाप केली, झाकणाच्या खाचेतलं रबरी कडं बोटाने चाचपलं. मला कुणी इतक्या अविश्वासाने हाताळलं नव्हतं. मला ती आवडली.

"चाळीस मीटर लिवलंय, बाई," हैबतराव म्हणाले.

"कुणी लिवलंय?"

"कंपनीनं."

"कंपनी उतरली व्हती काय चाळीस मीटर?"

तिने डब्यातून भाजलेल्या पापडाचा तुकडा काढला, माझ्या पोटात ठेवला, कडी लावली आणि दुकानातल्या बादलीत मला दगडाखाली दाबून धरलं. पेण पापडांचं गाव, तिथल्या बाईला ओलाव्याची पारख पापडावरच. सादळला तर पेटी नको, हा हिशेब. बऱ्याच वेळाने तिने पापड काढून दाताखाली धरला. कुर्रर्र वाजला. हैबतरावांनी सुटकेचा श्वास सोडला.

पण सरूचं समाधान झालं नाही. घरी नेऊन तिने तीच परीक्षा पुन्हा घेतली, आणि मग पुन्हा. एवढा संशय मलाही जरा जास्त वाटला.

कारण घरी गेल्यावर कळलं. तिचे वडील काळुराम गावच्या उघाडीचे राखणदार. खाडीच्या बांधाला लाकडी दार असतं, ती उघाडी. ओहोटीला ती उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीला लावून खारं पाणी अडवायचं. हे काम त्यांच्या बापापासून घरात. त्या वर्षी मात्र भात फुलोऱ्यावर असताना खारं पाणी आत शिरलं आणि शेतं करपली.

बांधालगतच्या शेताचा जनू उघड बोलला. "काळुराम भरतीला दार इतभर उचलून ठेवतो. मासं आत घेतो आन् जाळ्यात धरतो."

काळुराम सांगत होता, दार मी लावतोच, पाणी खालून कुठून तरी येतंय, मी बुडी मारून हाताने चाचपलंय. जनू हसला. "उद्या सांगशील, खाली मगर हाय!" उघाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढ फार, दुसरं कुणी उतरेना. गावकीने ठरवलं, पुरावा आणा, नाही तर उघाडी दुसऱ्याकडे. म्हणून सरूने मला आणलं होतं.

"दे, मी उतरतो. बटण कुठलं तेवढं दाव," काळुराम म्हणाला.

"नको बाबा. मीच उतरते."

काळुराम दोर शोधायला उठला. मी मात्र ओळखलं. जो पहिला उतरेल, तो खालचं काही हलवूही शकतो. त्या मोसमात घरात खाडीतला जिताडा मासा जरा जास्तच शिजला होता, आणि सरूने तो मुकाट्याने खाल्ला होता. तिचा संशय माझ्या रबरावर नव्हता. तिचा संशय बापावर होता.

अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी असतं. भरतीचा जोर कमी, गाळ खाली बसतो. तेव्हा ओहोटी सरता सरता सरू उतरली. कमरेला दोर, दोर काळुरामच्या हातात, बांधावर साक्षीला जनू. तरी पाणी गढूळच होतं. तिने मला लाकडापासून वीतभरावर धरलं आणि बटण दाबत गेली.

तेवढ्यात माझ्या झाकणाशी गार लागलं. पापडाचा एक कण रबरी कड्याखाली अडकून राहिला होता, तीनदा घेतलेल्या परीक्षेतला. तिथून थेंब आत आला, मग दुसरा. मी काय करणार? कॅमेरा मेला. नशीब, आतलं फोटोचं कार्ड पुसून वाळवल्यावर चाललं.

स्टुडिओतल्या पडद्यावर सगळ्यांनी पाहिलं. दार उचलून धरणारी पाचर नव्हती, जाळं नव्हतं. दाराच्या तळच्या फळीची पाण्यातल्या किड्याने चाळण केली होती, हात जाईल एवढी फट.

"गेल्याच साली बसवलीय ना ही?" जनू पुटपुटला. "डांबर कुणी लावलं व्हतं हिला?"

फळी साऱ्या गावाने मिळून बसवली होती. डांबर लावायचं राहिलं होतं, आणि प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्याने लावलं. एरवी एकमेकांवर कवडीचा विश्वास न ठेवणाऱ्या गावाने नेमका इथे तो ठेवला होता! जनूने मान खाली घालून काळुरामचा हात धरला. उघाडी काळुरामकडेच राहिली.

संध्याकाळी बापलेक ओट्यावर बसली होती. मी शेजारी वाळत होते.

"झाली खातरी?" काळुरामने विचारलं.

"गावाची झाली, बाबा."

"गावाचं नाय इचारत गो."

सरूला रडू फुटलं. काळुराम हळू म्हणाला, "मासं फटीतनं आले, मी आणले नाय. आदी मला इचारायचंस ना."

"तुमी नाय म्हणाला असता. आन् मला ते खरं वाटलं नसतं तर? त्याचंच भ्या वाटलं."

काळुराम उठला आणि भरतीआधी उघाडी लावायला निघाला.

आता मी त्यांच्या घरातल्या फळीवर असते. माझ्यात काळुराम काड्यापेटी ठेवतो. मी सांगते, वस्तूवर हवा तेवढा संशय घ्या, बादलीत बुडवा, दाताखाली धरा. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. घरच्या माणसाला मात्र आधी तोंडाने विचारा, उत्तराचं कितीही भय वाटलं तरी.

हल्ली भरतीच्या वेळी काळुराम बांधावरून येतो, पाय धुतो आणि दारातूनच सांगतो, "उघाडी लावली गो."

कुणी विचारलेलं नसतं. सरू म्हणते, "बाबा, मला नका ना सांगू."

पुढच्या भरतीला तो पुन्हा सांगतो.