मनासेकाकांची निळी वही

मी मनासेकाकांची औषधांची वही बोलतेय. टोंगा देशातल्या एका लहान बेटावर दवाखान्यातल्या अकानेसी नर्सने शाळेची एक निळी वही घेतली, रेघा मारल्या आणि मला काकांच्या हातात ठेवलं.

"काका, तुमची शुगर मी बघते, रक्तदाब मोठ्या बेटावरचे डॉक्टर बघतात, पायाच्या जखमेला लुपेआजी पाला लावते. कुणाचं कुणाला कळत नाही. आता सगळ्यांनी हिच्यात लिहायचं."

काका मासेमारी करणारे. मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून होडीतून न्यायचे. मोठ्या बेटावर डॉक्टर बदलत राहायचे. लिहायचे सगळे, पण मागचं वाचायला कुणाला सवड नसायची. लुपेआजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिचा रकाना कोराच राहिला.

एका सकाळी आजीच दवाखान्यात आली.

"पोरी, आठ दिवस झाले, मनासे उठला की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. काल होडी ओढताना पडला."

"मला नाही बोलले ते."

"तुला कसा बोलेल? म्हणतो, हिने बिस्किटं बंद केली, आता समुद्रही बंद करेल."

अकानेसीने काकांना बोलावलं आणि मला उघडलं. तिचं बोट दोन ओळींवर थांबलं. जुन्या डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी दिली होती, नव्यांनी दुसरी. नावं दोन, औषध एकच. काका दोन्ही इमानेइतबारे घेत होते. तिने डॉक्टरांना फोन लावला. एक गोळी बंद झाली, आणि पंधरवड्यात काका पुन्हा समुद्रावर गेले.

त्या दिवसापासून आजी सांगायची आणि अकानेसी लिहायची. "सांगते तेवढंच लिही, पदरचं घालू नकोस," आजी बजावायची.

आता इथे आणि मोठ्या बेटावर, दोन्हीकडे कॉम्प्युटर आलेत, पण त्यांची एकमेकांशी ओळख नाही. शुगरचे रुग्ण वाढतच आहेत. अकानेसी मागच्या महिन्यात न्यूझीलंडला गेली आणि तिच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.

ती निघताना काकांनी तिला विचारलं, "आता मी कुणाला सांगू?"

"भेटेल त्याला सांगा, काका. समोरचा कंटाळेपर्यंत सांगा."

काल मोठ्या बेटावर एक नवे डॉक्टर भेटले. त्यांनी लिहायला पेन उचललं, तसं काकांनी मला त्यांच्यापुढे सरकवलं. "आधी हे वाचा. मी बसतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

माझी चारच पानं उरलीत. माझ्यानंतर वही येवो की यंत्र, त्यालाही असं वाचणारं कुणी भेटो, एवढंच मागणं.