गिऱ्हाइकाच्या उंचीचा ओटा

मित्रांनो, मी एका स्वयंपाकघरातला ओटा आहे. जुना की नवा, यावर आमच्या घरात एकमत नाही. माझी वरची काळी लादी जुनी, खालच्या विटा नव्या, आणि दोघांना धरून ठेवणारं सिमेंट नेमकं कुणाच्या बाजूचं, ते त्यालाही माहीत नसावं. घर विकण्याआधी ते दुरुस्त करावं की आहे तसंच विकावं, असा प्रश्न एका कुटुंबाला पडला आणि त्याचं उत्तर माझ्या अंगावर बांधलं गेलं. त्याची ही हकिगत.

कपाट दुकानातून येतं, खुर्ची कारखान्यातून येते. ओटा मात्र जिथे मरायचं तिथेच जन्मतो. मला बांधायला घेतलं तेव्हा घरमालकांनी गवंड्याला बजावलं होतं, "आमची मंडळी उंचीने बेताची आहे. ओटा तिच्या मापाचा झाला पाहिजे." मंडळी दारातच चहाचे कप घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही, नुसती हसली. म्हणून मी गल्लीतल्या इतर ओट्यांपेक्षा वीतभर बुटका झालो. मला त्याचा फार अभिमान होता. बाकीचे ओटे घरासाठी बांधलेले, मी माणसासाठी बांधलेला! असा अभिमान बाळगायला मेंदू लागत नाही, लादी पुरते.

पुढे मंडळीची आई झाली आणि मला घरात मान मिळाला. माझ्यावर भाज्या चिरल्या गेल्या, तापलेली पातेली आदळली गेली, मुलाचा अभ्यास झाला, बेसिनजवळच्या कोपऱ्यावर आईची कोपरं टेकून टेकून तिथला दगड गुळगुळीत झाला. पाहुणे म्हणायचे, "ओटा कसा आरशासारखा ठेवलाय!" आई म्हणायची, "कुठला हो, नुसता पुसते." पण पाहुणे गेल्यावर पुन्हा एकदा पुसायची.

मालक वारले. मुलाचं लग्न झालं. सून आली ती चांगलीच उंच. माझ्यापाशी उभी राहिली की तिला असं वाकावं लागे, जणू जमिनीवर पडलेली सुई शोधते आहे. संध्याकाळी ती कमरेवर हात दाबून उभी राहायची. आई विचारायची, "काय गं, दुखतंय का?" ती म्हणायची, "छे हो, सवयच आहे." सासूला वाटायचं, माझ्या ओट्यापायी पोरीची पाठ गेली. सुनेला वाटायचं, सासूबाईंचा ओटा, आपण काय बोलायचं? दोघी एकमेकींशी इतक्या चांगल्या वागायच्या की त्या घरात कुणालाच कुणाचं काही कळत नसे.

अशात मुलाची दुसऱ्या शहरात बदली झाली. तो शनिवारी यायचा आणि रविवारी रात्री तोंड पाडून निघायचा. हे घर विकायचं आणि तिकडे घ्यायचं, असं ठरलं. मग दलाल आला. त्याला काहीही विचारलं की तो "होऊन जाईल" म्हणायचा, म्हणून सुनेने त्याचं नावच होऊन-जाईल ठेवलं. त्याने भिंतींवर टिचक्या मारल्या, नळ सोडून पाहिले आणि माझ्याजवळ येऊन थबकला.

"हा ओटा आहे का बसायचं बाकडं?"

कुणी हसलं नाही, तेव्हा तो गंभीर झाला. "साहेब, गिऱ्हाईक सगळ्यात आधी स्वयंपाकघर बघतं. हे बघितलं की पुढच्या खोल्या बघतच नाही. ओटा वर घ्या, फरश्या बदला, रंग मारा. मग होऊन जाईल."

त्या रविवारी जेवणं झाल्यावर बैठक बसली. मी काय, जागचा हलूच शकत नाही. म्हणून सगळ्या बैठकांना हजर असतो.

"आहे तसं विकलं तर लोक पाडून मागतात," मुलगा म्हणाला. त्याने आठवडाभर या विषयावर वाचन केलं होतं. वाचन केलेल्या माणसाशी वाद घालणं अवघड असतं; नुसत्या विचार केलेल्या माणसाशी घालता येतो.

"आणि एवढं करून नाही विकलं गेलं तर?" सून म्हणाली.

"तर राहायला तरी चांगलं होईल. आई, तुझं काय मत?"

"माझं मेलीचं काय मत असणार? मी असून असून किती दिवस आहे इथे? तुम्हाला बरं वाटेल ते करा." एवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. पण ती पुढे म्हणाली, "हिच्या पाठीचंही भलं होईल."

"अहो आई, माझ्या पाठीसाठी अजिबात नको हं! मला चालतो हा ओटा."

"तुझ्यासाठी कोण करतंय गं? घरासाठी. मलाही उंच चालेल."

"तुम्हाला नक्की चालेल?"

"न चालायला काय झालं?"

मुलाने दोघींकडे पाहिलं आणि ठराव मंजूर केला. सगळ्यांचं एकमत झालं होतं, कारण कुणीच आपलं मत सांगितलं नव्हतं.

गवंडी आला. माझी लादी उचलून मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी आडवा नव्हतो, आणि जग कसं दिसतं हे पाहण्याऐवजी माझं सगळं लक्ष आत होतं. गवंड्याने विचारलं, "किती उंच घेऊ?"

"गिऱ्हाइकाला बरा पडेल असा घ्या," मुलगा म्हणाला.

"गिऱ्हाईक केवढं आहे?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. दलालाने आपल्या पोटापाशी हात धरून दाखवला, "हा एवढा. हल्लीची माणसं उंचच असतात." मित्रांनो, ज्या माणसाने जन्मात कधी कांदा चिरला नव्हता, त्याच्या बेंबीच्या मापाने माझी नवी उंची ठरली. नव्या विटांवर रोज पाणी मारावं लागतं. ते काम आईने अंगावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ ती तांब्या भरभरून पाणी ओतायची आणि "पक्कं झालं पाहिजे बाई" असं स्वतःशीच म्हणायची. पक्कं झालं. आपल्याच दाराला आपणच बाहेरून कडी लावावी, तसं झालं.

काम संपलं त्या दिवशी सगळे फार खूश होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माझ्यावर दूध तापायला ठेवलं आणि सवयीने पातेल्यात डोकावली. पातेल्याची नुसती कड दिसली. आत दूध आहे, की ते वर चढतंय, की करपतंय, काही दिसेना. ती टाचा उंचावून उभी राहिली, मग आवाजावरून अंदाज घेऊ लागली. साठवलेलं सगळं शहाणपण तिने कान आणि नाकाकडे सोपवलं. भाजी चिरताना खांदे कानापर्यंत चढायचे. संध्याकाळी सुनेने विचारलं, "आई, जमतंय ना?" ती म्हणाली, "छे गं, काही नाही, सवय होईल." वाक्य तेच, फक्त तोंड बदललं.

दोन दिवसांनी तिने एक लाकडी स्टूल आणून माझ्यापाशी ठेवलं. चढायचं, ढवळायचं, उतरायचं, मीठ आणायचं, पुन्हा चढायचं.

इकडे घरात एक नवा माणूस राहायला आला होता. तो कुणाला दिसत नसे, पण सगळे त्याच्या धाकात असत. त्याचं नाव गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला वास येईल म्हणून तळण बंद. गिऱ्हाइकाला डाग दिसतील म्हणून माझ्यावर काहीही चिरायचं तर खाली आधी कापड. बेसिनजवळ एक पांढरास्वच्छ टॉवेल टांगला होता, त्याला हात पुसायची कुणाची छाती नव्हती. सगळे आपापल्या कपड्यांना हात पुसायचे. इतकी सेवा जिवंत सासऱ्याचीही कुणी करत नाही.

दलालाचा फोन यायचा, "तासाभरात येताहेत." की धावपळ. स्टूल पलंगाखाली. कारण स्टूल दिसलं की ओटा उंच आहे हे कळणार. एकदा दलाल सुनेला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आणखी एक. आजी त्या ओट्यापाशी उभ्या असल्या ना, की ओटा एकदम पहाडासारखा दिसतो. त्या वेळेला त्यांना जरा..." पुढचं तो बोलला नाही. सूनही बोलली नाही. पण आईचे कान आता चांगलेच तयार झाले होते. ती चपला घालत म्हणाली, "मी जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येते गं. पाय मोकळे करते."

त्यानंतर प्रत्येक वेळी फोन आला की आधी स्टूल पलंगाखाली जायचं आणि मग आई कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर. तिथल्या बाकावर ती बसून राहायची. बस यायची, तिच्यासाठी थांबायची. ती हाताने "जा, जा" म्हणायची. परत आल्यावर हसत हसत सांगायची, "ड्रायव्हरला वाटत असेल, म्हातारीला जायचं कुठे ते ठरतच नाही." सून हसायची नाही.

गिऱ्हाइकं आली, टेप लावून मापं घेतली, "कळवतो" म्हणाली आणि गेली. महिन्यांमागून महिने गेले. एक दिवस स्टुलावर चढून दुधाचं पातेलं उतरवताना आईचा तोल गेला. पडली नाही, पण दूध मनगटावर सांडलं. तिने आधी मला पुसलं आणि मग हात पाण्याखाली धरला. गिऱ्हाईक येणार होतं ना.

मनगटाला पट्टी बांधली गेली, स्वयंपाक सुनेकडे गेला आणि आई बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसू लागली. एका दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि सुनेला म्हणाली, "तुझं आटपलं असेल तर थोडा चहा मिळेल का गं? नसेल तर राहू दे." त्या 'मिळेल का'ने माझ्या लादीला तडा गेला नाही, कारण लादी जुनी आहे, मजबूत आहे. पण घरातली बाई घरातल्याच चहासाठी असं विचारू लागली की समजावं, घर विकलं गेलं. कागद मागून होतात.

कागदही झाले. एक नवरा-बायको आले. हाताला पट्टी म्हणून आई त्या दिवशी बसथांब्यावर गेली नव्हती. बायको बोलायला गोड होती. तिने माझ्यावर हात फिरवला. "हे सगळं नवीनच केलंय का हो?"

"एकदम नवं!" दलाल पुढे झाला.

"अगंबाई! उगाच केलंत. आम्ही सगळं पाडून आमच्या पद्धतीने करणार आहोत. आम्हाला जागा आवडली. आहे तसं दिलं असतं तरी घेतलं असतं."

मुलाने वाचलेल्या कुठल्याही लेखात हे आलं नव्हतं. तो म्हणाला, "चहा घेणार?"

व्यवहार ठरला. घर रिकामं करून द्यायला महिना-दीड महिना मिळाला. सगळे गेल्यावर मुलगा टेबलाशी बसला, सून उष्टे कप उचलत राहिली. एका घरात तीन माणसं असून एवढी शांतता बरी नव्हे. ती आईने मोडली.

"गवंड्याला बोलाव. ओटा खाली घ्यायचाय."

मुलाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "आता? आई, घर गेलं आपलं. बैल गेला अन् झोपा केला असं होईल. महिन्यासाठी कोण ओटा बांधतं?"

"हा महिनाभर मी जिवंत असणार आहे ना?"

"असं काय बोलतेस?"

"मग मला माझा चहा करू दे. पातेल्यात बघून."

मुलाने सुनेकडे पाहिलं, आधाराच्या आशेने. सून म्हणाली, "आई, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोललीस?"

सुनेने हातातले कप माझ्यावर ठेवले. मग ती म्हणाली, "माझी पाठ दुखायची. खूप दुखायची. मला टेबलावर बसून चिरायचं होतं, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं थोडं," आई म्हणाली. "मग गेलं असतं."

गवंडी आला. घर विकल्यावर दुरुस्ती करणारी माणसं त्याने पहिल्यांदाच पाहिली असावीत, पण मजुरी मिळत असली की माणूस तत्त्वज्ञान विचारत नाही. त्याने विटा काढल्या आणि भिंतीवरच्या जुन्या सिमेंटच्या रेघेवर बोट ठेवलं. "आजी, पूर्वीचा हा इथे होता. तिथेच बसवतो."

"त्याच्याही खाली."

"पण हा तर तुमच्याच मापाचा होता ना?"

"नव्हता," आई म्हणाली. "ह्यांना वाटलं होतं. एवढ्या हौसेने सांगत होते तुमच्यासारख्याच एका गवंड्याला. मग मी काही बोलले नाही."

मित्रांनो, मी तेव्हा अंगणात भिंतीला टेकून उभा होतो. माणसासाठी बांधलेला एकुलता एक ओटा म्हणून इतकी वर्षं मिरवलो, आणि तितकी वर्षं ती बाई माझ्यापाशी किंचित टाचा उचलून उभी होती. मी रोज तिच्या कोपराखाली होतो आणि मलाही कळलं नाही. मग मुलाला काय दोष देऊ?

आता मी बराच खाली आलो आहे. सून टेबलाशी बसून चिरते आणि काही दुखलं की मोठ्याने सांगते. कधी कधी न दुखताही सांगते, सराव राहावा म्हणून. पुढच्या महिन्यात नवे मालक मला फोडतील. त्यांची बायको भली आहे, तिला हवा तसा ओटा ती बांधून घेईल. माझी तक्रार नाही.

तुम्हाला एकच विनंती आहे. घर विकायचं असो वा ठेवायचं, रंगाऱ्याला विचारा, दलालाला विचारा, वाचनही करा. पण त्याआधी, जे माणूस तिथे रोज उभं राहतं त्याला विचारा. "माझं काय, मला काहीही चालेल" असं ते म्हणालं, तर ते उत्तर आहे असं समजून उठू नका. बसून राहा आणि पुन्हा विचारा.

मला आता थांबायला हवं. दूध वर येतंय. आईने ते माझ्या आधी पाहिलं आहे.