चेन आठवणीने घ्या

मित्रांनो, मी एक जुनी चेन आहे. हे वाचताच तुमचा हात गळ्याकडे गेला असेल, तर तुमची काही चूक नाही. 'चेन' म्हटले की मराठी माणसाला आधी सोन्याची आठवते, मग बॅगेची. मी मात्र बर्फात मोटारीच्या चाकांना बांधायची पोलादी चेन आहे. खरे तर आम्ही दोघी आहोत, पुढच्या दोन चाकांसाठी दोन. पण आमची पिशवी एक, गंज एक आणि दुःखही एकच, म्हणून मी 'मी'च म्हणते.

मी स्वभावाने मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला पुढे कळण्यापेक्षा आत्ताच कळलेले बरे.

पोलादाच्या कड्या एकमेकींत अडकवून मला एका कारखान्यात घडवले आणि समुद्रापार न्यूझीलंडला पाठवले. तिथल्या न्यू लिन नावाच्या उपनगरातल्या एका दुकानात मी टांगलेली होते. तिथून मला श्रीनाथने घेतले. तो तेव्हा पुण्याहून शिकायला आलेला सडपातळ पोरगा होता आणि मित्रांबरोबर पहिल्यांदा स्कीइंगला निघाला होता. त्या दिवशी डोंगराच्या चढावर त्यांची मोटार साबणावरून घसरल्यासारखी मागे यायला लागली. मी चाकाला करकचून मिठी मारली आणि त्यांना वर नेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. श्रीनाथने माझ्यावर हात फिरवून म्हटले, "चेन, तू ग्रेट आहेस!" मित्रांनो, ते कौतुक मी अजून जपून ठेवले आहे, कारण त्यानंतर दुसरे मिळालेच नाही.

पुढे श्रीनाथला हॅमिल्टनला दूध-पावडरच्या कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली. निवेदिता लग्न होऊन आली, इरा जन्मली. मी गॅरेजच्या फळीवर गेले. त्या पहिल्या आणि शेवटच्या सहलीनंतर मला ओलीच पिशवीत कोंबली होती, त्यामुळे कड्याकड्यांना गंज धरला. समोरून दर उन्हाळ्यात सगळे फिरायला निघायचे. तंबू जायचा, इराचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे जायचे, एवढेच काय, जँडल्स म्हणतात ती दोन वेगवेगळ्या रंगांची रबरी पायताणेसुद्धा समुद्र बघून यायची! परत आल्यावर वाळू झटकत तोरा मिरवायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या वर्षांतली एकच गोष्ट मी मत्सराशिवाय सांगू शकते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी पुण्याहून फोन आला. श्रीनाथ गॅरेजमध्ये आला, माझ्या फळीखालच्या डब्यावर बसला आणि "आई, आई" म्हणत लहान मुलासारखा रडला. शकुआई गेल्या, असे निवेदिता हलक्या आवाजात कुणाला तरी सांगत होती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटले, आपण याच्या जवळ आहोत तेच बरे.

या जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, श्रीनाथचे वडील बाळासाहेब हॅमिल्टनला आले होते. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षे काढलेला माणूस, हातांना अजून पान्याची सवय. त्यांना आयुष्यात एकदा बर्फ हातात घेऊन बघायचा होता. सोमवारी त्यांचे परतीचे विमान होते, आणि मधुमेह-रक्तदाब पाहता डॉक्टरांनी त्यांना पुन्हा एवढा लांबचा प्रवास करू नका असे बजावले होते. म्हणजे बर्फ बघायचा तर याच शनिवारी. शाळेला सुट्टी होती. ओहाकुने या डोंगराखालच्या गावात एक छोटी केबिन ठरली. श्रीनाथ कामासाठी पामर्स्टन नॉर्थला गेला होता, तो तिकडून परस्पर येणार होता.

निवेदिताने फ्रिजवर यादी लावली. इरा ती मोठ्याने वाचत गॅरेजमध्ये फिरत होती, म्हणून मला ती पाठ आहे. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. आत लोकरीचे, वर पाणी न शिरणारे. हातमोज्यांचे दोन जोड. गॉगल आणि सनस्क्रीन, कारण इथले ऊन बर्फावरून उलटून हनुवटीखालीसुद्धा भाजते. इराच्या स्कीइंगच्या शिकवणीची वेळ आधी ठरवून ठेवणे. सकाळी उठल्याबरोबर डोंगरावरच्या रस्त्याची खबर बघणे. उत्तम यादी होती, मित्रांनो. फक्त तिच्यात मी नव्हते.

शुक्रवारी दुपारी बाळासाहेब एकटे सामान भरत होते. निवेदिता अजून कामावर होती. तेवढ्यात श्रीनाथचा फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, आणि बारा वर्षांनी मी माझे नाव ऐकले.

"बाबा, बाकी काही राहिलं तरी चालेल, पण चेन आठवणीने घ्या हं. चेन विसरू नका."

माझ्या कड्या थरारल्या. फोन करून माझी आठवण काढली होती! बाळासाहेबांनी हातातले सामान खाली ठेवले. मग हळू आवाजात म्हणाले, "बरं केलंस बाबा सांगितलंस. घेतो."

फोन खिशात टाकून ते घरात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या मफलरच्या आत काहीतरी चमकत होते. बारीक गव्हाच्या दाण्यांसारख्या कड्यांची, नाजूक, सोन्याची चेन!

माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! बोलावणे मला, आणि जाऊन बसली ती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तिला ना डोंगर ठाऊक, ना चढ. बर्फात तिचा उपयोग काय? तरी ती उबदार गळ्यात, आणि मी फळीवर. एवढ्यात बाळासाहेबांची नजर माझ्यावर पडली. मी आशेने बघत राहिले. आत काय आहे ते न बघताच त्यांनी मला धुळकट पिशवीसकट उचलले, वजन अजमावले आणि डिकीत ठेवून माझ्यावर प्रेशर कुकर ठेवला. "झकास. आता कलंडायचा नाही."

म्हणजे मी निघाले, मित्रांनो, पण कुकरचा टेकू म्हणून.

संध्याकाळी निघताना निवेदिताने विचारले, "बाबा, चेन घेतली ना?"

"पहिल्यांदा तीच घेतली," बाळासाहेब म्हणाले.

रात्री केबिनवर श्रीनाथनेही तेच विचारले आणि त्याला तेच उत्तर मिळाले. डिकी उघडून कोणी बघितले नाही. इथे एक शहाणपणाची गोष्ट सांगते, गाठीशी बांधून ठेवा. डोंगरावर जाताना 'घेतली' या शब्दावर कधी विसंबू नका, वस्तू डोळ्यांनी बघा. आणि ती चाकाच्या मापाची आहे का तेही बघा, टायरच्या कडेवर आकडे लिहिलेले असतात. श्रीनाथने मधल्या काळात मोटार बदलली होती. तिच्या टायरचे माप जुन्यासारखेच निघाले, हे निव्वळ नशीब.

शनिवारी सकाळी निवेदिताने मुगाची खिचडी केली आणि गरम कुकर टॉवेलात गुंडाळून पुन्हा माझ्या डोक्यावर आणून ठेवला. गाव सोडताना इरा ओरडली, "आजोबा, लुक! द बिग कॅरट!" ओहाकुनेत गाजरे पिकतात, म्हणून तिथे घराएवढ्या उंच गाजराचा पुतळा आहे. गाजराचा पुतळा! मी डिकीतल्या अंधारात दात ओठ खात बसले.

चढ सुरू झाला तशी मोटार थांबली. नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस इथल्या पद्धतीने नमस्कार करून प्रत्येक गाडीला विचारत होता. "किया ओरा. चेन्स ऑन बोर्ड?"

श्रीनाथ काही बोलायच्या आत बाळासाहेबांनी खिडकीची काच खाली केली. "येस, येस!" म्हणत मफलर बाजूला केला आणि गळ्यातली चेन अभिमानाने बाहेर काढून दाखवली.

त्या माणसाने वाकून चेन नीट बघितली. मग हसून म्हणाला, "लव्हली, मेट. बट इट वोन्ट फिट युअर टायर."

इरा खो-खो हसली. निवेदितालाही हसू आवरेना. श्रीनाथ मात्र चिडला. "अहो बाबा, ही काय? मी टायरची चेन म्हणत होतो!"

"असं होय," बाळासाहेब म्हणाले. त्यांनी चेन आत सरकवली आणि मफलर पुन्हा नीट गुंडाळला. मग काच वर केली.

खोटे कशाला सांगू? मला आनंद झाला. उकळ्या फुटल्या म्हणा ना! सोनेरी बाईसाहेबांची चारचौघांत फजिती झाली होती.

गाडी रस्त्याकडेच्या सपाट जागेत घ्यावी लागली. श्रीनाथने गावात फोन केला. भाड्याच्या चेनी होत्या, पण त्या मापाच्या सकाळीच संपल्या होत्या. वर जाणारी बसही भरलेली होती. निवेदिता म्हणाली, "बाबा, इथेही थोडा बर्फ आहे बघा, कडेला." कडेला चिखलात कालवलेला करडा गाळ होता. बाळासाहेबांनी त्याच्याकडे बघितले आणि म्हणाले, "छान आहे की. हाही बर्फच." ते ऐकून कुकराखाली माझा सगळा आनंद विरला. अंगाला बर्फाचा वास लागत होता, काम चार हातांवर होते, आणि मला ओरडता येत नव्हते.

"खाऊन घेऊ निदान," निवेदिता म्हणाली. डिकी उघडली. इराने कुकर उचलला आणि खालची पिशवी पुसली. तिच्यावर टायरचे चित्र होते.

"डॅड? इझन्ट धिस द थिंग?"

श्रीनाथने पिशवी उघडली. बारा वर्षांनी त्याने मला हातात घेतले, आणि खरे सांगते, मी त्याला तिथल्या तिथे सगळे माफ केले. पण गडी मला बांधायचे कसे तेच विसरला होता! म्हणून म्हणते, घरी अंगणात कोरड्या जागेवर एकदा सराव करून ठेवावा. थंडीत बोटे आखडली की माणसाला स्वतःची बुटाची नाडी बांधता येत नाही, तिथे माझी काय कथा?

"सरक," बाळासाहेब म्हणाले. रबरी पायपुसणे गाळावर टाकून ते गुडघ्यांवर बसले. मला लांब पसरले, गाठी सोडवल्या, पुढच्या चाकावर चढवले आणि आतला आकडा लावायला चाकामागे हात घातला. वाकताना त्यांचा मफलर सुटला. सोन्याची चेन बाहेर आली, लोंबकळली आणि थेट माझ्या आकड्यात अडकली.

पहिल्यांदाच आम्ही एकमेकींना लागलो. बाळासाहेबांना ते दिसले नव्हते, ते मला ताण द्यायच्या बेतात होते. एक हिसका पुरला असता, आणि माझ्या बोलावण्यावर आलेली ती गव्हाच्या दाण्यांची नाजूक राणी चिखलात विखुरली असती. मी ताठ झाले. माझ्या मनात तेच होते, मित्रांनो, मी लपवत नाही.

तेवढ्यात त्यांचे लक्ष गेले. "थांब, थांब," ते अगदी हळू म्हणाले. "थांब गं शकु. अडकलीस."

शकु. त्या सकाळी गॅरेजमध्ये ऐकलेले नाव. मी जिच्यावर जळत होते, ती श्रीनाथच्या आईच्या गळ्यातली चेन होती. मी पटकन सैल पडले. सगळ्या कड्या मोकळ्या सोडल्या, आणि ती अलगद निघाली.

पलीकडून चाकामागे मोबाइलचा दिवा धरून वाकलेल्या श्रीनाथने ते ऐकले होते. त्याने दिवा अजून जवळ धरला.

दोन्ही चाके बांधून झाली. दहा पावले गाडी पुढे घेऊन बाळासाहेबांनी मला पुन्हा एकदा आवळले, हे कोणीही विसरू नये, पहिल्या फेऱ्यात आम्ही सैलावतोच. "आता चाळिसाच्या वर जायचं नाही," त्यांनी श्रीनाथला बजावले. आणि मी निघाले! गंज खरडला जात होता, कड्या कण्हत होत्या, पण मी चाकाला सोडले नाही.

वर सगळे पांढरे होते. इरा शिकवणीला पळाली, निवेदिता तिच्यामागे गेली. बाळासाहेब मोटारीजवळच, माझ्यापासून हातभर अंतरावर, वाकले. गळ्यातली चेन काढून स्वच्छ बर्फावर ठेवली, बर्फासकट ती ओंजळीत उचलली आणि श्रीनाथपुढे धरली.

"तिला फार हौस होती रे बर्फाची," ते म्हणाले. "फोनवर तू चेन म्हणालास ना, मला वाटलं, तुला आईची आठवण झाली. आईला घेऊन या म्हणतोयस. म्हातारा झालो, दुसरं काय."

श्रीनाथने खाली बघितले. चिखलाने माखलेल्या, चाकाला चिकटलेल्या माझ्याकडे बघितले. मग वडिलांच्या ओंजळीखाली स्वतःची ओंजळ धरून म्हणाला, "मी दोन्ही म्हणालो होतो, बाबा. दोन्ही चेनी."

मित्रांनो, तो खोटे बोलला. फोन मी ऐकला होता. तो फक्त माझ्याबद्दल बोलला होता. बारा वर्षांत एकदा कोणी माझी आठवण काढली होती, आणि त्यातले अर्धे त्याने माझ्यादेखत दुसरीला देऊन टाकले. बाळासाहेबांनाही खोटे कळले असावे, कारण त्यांनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

मला दुखले. अजूनही दुखते. पण ते अर्धे मी दिले.

रविवारी हॅमिल्टनला पोचल्यावर बाळासाहेबांनी आधी बादलीभर कोमट पाणी आणले. मला कडी न् कडी धुतले, जुन्या पंच्याने कोरडे केले आणि उन्हात पसरले. इराकडून त्यांनी पिशवीवर मराठीत लिहून घेतले. तिने जीभ बाहेर काढून वाकडेतिकडे लिहिले, 'टायरची चेन'. दुसऱ्या दिवशी सोन्याची चेन त्यांच्या गळ्यातून पुण्याला गेली. निघताना ते गॅरेजमध्ये आले आणि मला फळीवर न ठेवता खिळ्याला अडकवून गेले, हवा लागावी म्हणून.

मित्रांनो, बर्फातून आलात की तुमच्या चेनीला ओली कोंबू नका. धुवा, पुसा, कोरडी करा. ती बोलणार नाही, पण तिला सगळे कळते. आणि डोंगरावर निघताना घरच्यांना एक फोन करून सांगा, चेन आठवणीने घ्या. कुठली, ते सांगू नका. त्यांना जी आठवेल, ती घेऊ द्या. मी कुकराखाली बसून येईन.